ओला आवाज

५ जानेवारी, सोमवार

माणसाच्या बोलण्यातून शब्द वजा केले तर मागं काय उरतं? मुलाखतीत रणजीत सरांनी मला हा एकच प्रश्न विचारला होता आणि मला उत्तर देता आलं नव्हतं. आज कामावर रुजू झाले, तरीही येत नाही. सर तेव्हा हसून म्हणाले होते की ज्याला याचं उत्तर पटकन येतं, त्याला मी घेतच नाही.

पहिला दिवस फार छान गेला. काळेवाडी फाट्यावरून बस, पुढं शेअर रिक्षा. पुनावळ्यात उतरलं की चारी बाजूंना उंच टॉवर आणि त्यांच्या मधोमध सरांचा बंगला. बाकीची शेती बिल्डरांना गेली, एवढा तुकडा घरच्यांनी ठेवला. तळमजल्यावर सरांच्या आई शालनबाई राहतात, मधल्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा, सगळ्यात वर सरांचे वडील यशवंतराव. त्यांना पॅरालिसिस झाला आहे, अंथरुणावरच असतात. म्हणून जिन्यात मोठ्यानं बोलायचं नाही, एवढा एकच नियम.

ऑफिसात माझ्याशिवाय फक्त बुद्धभूषण सर. त्यांनी माझं टेबल स्वतःच्या रुमालानं पुसून दिलं आणि म्हणाले, ‘मॅडम, इथं दोनच गोष्टी लागतात. कान आणि सहनशक्ती.’ शालनबाई चहा घेऊन वर आल्या. गाव विचारलं. परांडा तालुका म्हटल्यावर म्हणाल्या, ‘लांबची हायेस की गं. पण आता हितं समदेच लांबचे.’

घरी आईनं शिरा केला होता. आमच्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, त्यामुळे तिला नोकरी म्हणजे नक्की काय काम ते समजलं नाही, पण तिनं गल्लीत चार घरी वाटी पाठवली. अण्णांनी, माझ्या वडिलांनी, गळ्याला यंत्र टेकवून विचारलं, कसं वाटलं. त्यांचं बोलणं दाढीच्या मशीनसारखं एकसुरी गुणगुणतं.

अण्णा भोसरीच्या फाउंड्रीत क्रेनला इशारा द्यायचे. भट्टीच्या गडगडाटावर त्यांची हाक चढायची. तंबाखूनं घसा गेला, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. आता गळ्याला भोक आहे आणि श्वास तिथून चालतो. गल्लीतली पोरं त्यांना मिक्सर म्हणतात, म्हणून ते बाहेर बोलत नाहीत. मी ही नोकरी घेतली ती याच्याचसाठी. रणजीत सरांनी शब्द दिला आहे की आपलं तंत्र अण्णांच्या यंत्राला जोडून बघू.

९ जानेवारी, शुक्रवार

आज काम नीट समजलं. अण्णांना समजावलं तसंच इथं लिहिते.

आवाजाचे दोन भाग असतात. घशातून येते ती नुसती हवा आणि थरथर, तिला शब्द नसतात. तोंड, जीभ आणि ओठ त्या थरथरीला आकार देतात तेव्हा शब्द होतो. आमचे बोलायचे-ऐकायचे सेट चाकणच्या कारखान्यांत कामगारांच्या कानात असतात. अख्खा आवाज पाठवायला लाइन अपुरी पडते, म्हणून आम्ही फक्त तोंडाचा आकार पाठवतो. थरथर पाठवतच नाही. ऐकणाऱ्याच्या सेटमध्ये थरथरीच्या बारीक तुकड्यांचा एक संग्रह आधीच भरलेला असतो. सेट त्यातला जुळेल तो तुकडा उचलून आलेल्या आकारात भरतो. म्हणजे शब्द बोलणाऱ्याचे, घसा आमचा. पुस्तकात या थरथरीला एक्साइटेशन म्हणतात, बुद्धभूषण सर करंट म्हणतात. मी इथं तिला चेतना म्हणणार आहे.

जुना संग्रह गणितानं बनवलेला होता आणि त्यातून निघणारा आवाज अण्णांच्या यंत्रासारखाच कोरडा. नवा संग्रह खऱ्या श्वासातून घेतला आहे. ऐकून मी थक्क झाले. माणूस कानाशी ओठ आणून बोलतो आहे असं वाटतं.

त्या फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत आहे : घर घर. किती योग्य नाव आहे. घरोघरी फिरून लोकांचे श्वास टिपले असणार. मला ही कल्पना फार आवडली. अनोळखी माणसाच्या बोलण्यात आपल्याही घरातला एखादा श्वास असावा.

१६ जानेवारी, शुक्रवार

मला माझं पहिलं स्वतंत्र काम मिळालं. लाइनवर कोणी बोलत नसलं की सेट एकदम मुका होतो आणि कामगाराला वाटतं तो बंद पडला. म्हणून अशा शांततेत हळू श्वास भरायचा, संग्रहातलाच, बिनशब्दांचा. मी प्रोग्रामचा तो भाग लिहिला आणि बुद्धभूषण सरांनी एकही दुरुस्ती न करता चढवला.

आज चाकणला एका प्रेस शॉपमध्ये तपासणीला गेलो होतो. प्रेस एवढा मोठा की चालवणाऱ्याला पलीकडचं दिसत नाही. पलीकडं उभा असलेला सुपरवायझर सेटवरून सांगतो, ‘टाक’, की पत्रा आत सरकवायचा. डाय, म्हणजे वरचा साचा, उचलली गेली की सांगतो, ‘काढ’, मग हात घालून तयार भाग बाहेर घ्यायचा. दिवसभर हे दोनच शब्द. प्रेसवरचा नवनाथ मला म्हणाला, ‘ताई, या नव्या सेटनं सुपरवायझर थेट डोक्यात येऊन बसला. बायको पण इतक्या जवळ येऊन बोलत नाय.’ सगळे हसले.

प्रेस शॉपच्या भिंतीवर लावायला मी मराठीत पाटी केली : घराघरातला आवाज, तुमच्या कानात. रणजीत सर तिच्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, छान आहे, राहू दे. हसले, पण जरा उशिरा.

२७ जानेवारी, मंगळवार

एक बारीकशी गोष्ट. नव्या संग्रहात ओलावा आहे. पहिल्यांदा मला तो आवाजातला जिवंतपणा वाटला होता. आता दिवसभर हेडफोन लावून बसल्यावर तो वेगळा ऐकू येतो. प्रत्येक स्वराच्या तळाशी काहीतरी चिकट हलतं. जाड पातळ होतं, ताणतं, तुटतं. पिठलं शिजताना बुडबुडा फुटावा तसं.

डब्यात आईनं भेंडी दिली होती. घास उचलला, तार ओढली गेली, आणि मी डबा बंद केला.

बुद्धभूषण सरांना विचारलं की तुम्हाला ऐकू येतं का. ते म्हणाले, ‘मी आलेख बघतो, ऐकत नाही. ऐकायचं तुमच्यासारख्या नव्यांनी.’ थट्टाच होती, पण ते माझ्या डोळ्यांत बघत नव्हते.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजचा दिवस मी विसरणार नाही.

सरांनी अण्णांसाठी पेटी बनवून दिली. यंत्राची गुणगुण अगदी हळू ठेवायची, तोंडाशी बारका माईक. पेटी गुणगुण वजा करते, तोंडाचा आकार ठेवते आणि त्यात आमच्या संग्रहातली चेतना भरते. अण्णांनी छातीवर पेटी अडकवली, भीतभीत ओठ हलवले आणि पेटीतून माणसाच्या आवाजात आलं, ‘कुसुम, चहा टाक.’

आई ओट्याशी तशीच उभी राहिली. मग पदर तोंडाला लावून रडली आणि अण्णा म्हणाले, ‘आता रडतेस काय, चहा टाक म्हणलं ना.’ गल्ली गोळा झाली. मिक्सर म्हणणारी पोरं पुढं बसली. अण्णांनी त्यांना क्रेनची हाक देऊन दाखवली. परांड्याला आत्याला फोन लावला, तर ती म्हणे, कोण बोलतंय, माझा भाऊ मुका आहे. अण्णा हसले. हसणं पेटीला जमत नाही, नुसती घसघस येते.

मी सुखात आहे. फक्त त्यांनी मला ‘विजू’ अशी हाक मारली तेव्हा ‘वि’च्या आधी काहीतरी ओलं सुटलं. माझ्या अंगावर शहारा आला. मी तो लपवला.

९ फेब्रुवारी, सोमवार

अण्णांच्या गळ्याचा कफ रोज सकाळी मशीननं काढावा लागतो. नळी भोकातून आत सरकवायची, अंगठा दाबायचा, आतलं ओढलं जातं आणि जारमध्ये पडतं. हे मी दोन वर्षं करते आहे. कधी किळस वाटली नाही.

आज नळी आत घालण्याआधी अण्णांचा श्वास कफावरून आला आणि मी थबकले. हा आवाज मला पाठ आहे. हाच आवाज दिवसभर माझ्या कानात असतो.

तो ओलावा म्हणजे कफ आहे. आमच्या संग्रहातल्या माणसाचा कफ काढलेला नाही.

मोरीत जाऊन ओकले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

संग्रहाचे तुकडे मी ज्या क्रमानं घेतले गेले त्या क्रमानं लावून सलग ऐकले. घरोघरचे लोक नाहीत. एकच घसा आहे. एकच माणूस, तोच दम, श्वास ओढताना तीच बारीक शिट्टी. सुरुवातीचे तुकडे कोरडे आहेत. पुढं पुढं पाणी चढत जातं. शेवटचे सगळ्यात ओले आणि आमची यंत्रं तेच सगळ्यात जास्त उचलतात, कारण ते सगळ्यात खरे वाटतात.

आणि ते शेवटचे नाहीत. काल नवे तुकडे आले. उद्याही येतील.

म्हणजे तो माणूस आहे. अजून श्वास घेतो आहे.

सारखं खाकरावंसं वाटतं. घशाशी काही नसतं. बुद्धभूषण सर म्हणाले, मॅडम, पाणी प्या.

१६ फेब्रुवारी, सोमवार

शालनबाई चहा घेऊन आल्या आणि आज जरा टेकल्या. डोळ्यांखाली काळं झालं होतं. मी विचारलं, काकू, झोप नाही का. म्हणाल्या, ‘झोप कशी लागल पोरी. मालकांना घरघर लागलीया. दिवाळीपास्नं. लोकांची दोन दिसांत सुटका हुती. ह्यांची हुईना.’

घरघर.

मी त्यांच्यासमोर स्क्रीनवरचं फोल्डरचं नाव पुन्हा वाचलं. तीच इंग्रजी अक्षरं. मराठी मुलीनं मराठी शब्द चुकीचा वाचला. घर घर नाही. घरघर.

आणि त्याची पाटी करून मी चाकणच्या भिंतीवर लावली आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

वर गेले. सर पुण्यात होते. शालनबाईच म्हणाल्या, ये की, बघून जा, कोन येतंय आता त्यांना बघायला.

खोली स्वच्छ आहे. नवी फरशी, एसी, उदबत्ती. वास तरीही आहे. साचलेल्या फुलदाणीत येतो तसा. यशवंतराव पाठीवर पडलेले, तोंड उघडं, ओठांच्या कोपऱ्यांत पिवळट साय धरलेली. गळ्यावर चिकटपट्टीनं माईक बसवला आहे आणि पट्टीच्या कडेची कातडी पांढरी, भिजून सुरकुतलेली. श्वास खालून वर येतो, घशाशी अडतो, तिथं रटरटतो आणि पुन्हा खाली जातो. मला पुढचा बुडबुडा कधी फुटणार ते आधी कळत होतं. हे सगळं मी आधी ऐकलं आहे. माझ्या वडिलांच्या पेटीतून ऐकलं आहे.

कोपऱ्यात कफ काढायचं मशीन होतं, आमच्याहून भारी. पलीकडं नळ्यांचं पाकीट.

मी विचारलं, कफ कधी काढता. त्या म्हणाल्या, ते रणजीत बघतो. मग माईकच्या डब्यावरचा हिरवा दिवा दाखवून हळूच म्हणाल्या, ‘ह्या मशिनीवर जित्तं हायेत. रणजीत म्हनला, आई, हिला हात लावू नगं, हिच्यावर पप्पांचा जीव हाय.’ रोज सकाळी त्या दिव्याला हळदकुंकू लावतात. डब्यावर डाग आहेत.

मला त्यांना सांगता आलं नाही की ते मशीन देत काहीच नाही. फक्त घेतं.

यशवंतरावांचे ओठ हलत होते. सारखे, एकाच आकारात. आकार वाचायचं काम मी रोज करते. ‘का’ला तोंड उघडतं, मग जीभ वर लागते.

काढ.

१८ फेब्रुवारी, बुधवार

सरांना विचारलं. ते चिडले नाहीत, हे सगळ्यात वाईट. लॅपटॉप मिटवला आणि शिकवताना बोलतात तसं बोलले. म्हणाले, कफ आठवड्यातून एकदा काढतो, रविवारी. रोज काढला तर तुकडे कोरडे येतात, मग चार दिवस फुकट जातात. थरथर आणि बुडबुडा एकत्र असलेली चेतना कुठल्याही गणितानं बनत नाही, सगळ्या जगानं प्रयत्न करून पाहिला. पप्पांनी जमीन विकून ही लॅब उभी केली, ते शुद्धीत असते तर स्वतःच हो म्हणाले असते. डॉक्टरांनी तशीही आशा सोडली आहे.

मी म्हणाले, ते काढ म्हणतात.

ते म्हणाले, तो निव्वळ स्नायूंचा झटका आहे. मग शांतपणे म्हणाले, ‘विजयश्री, घरी जाऊन अण्णांना विचारा, कोरडं हवं का ओलं.’

मी टेबलाशी येऊन बसले. आणि काम केलं. दिवसभर.

२३ फेब्रुवारी, सोमवार

अण्णा आता पान टपरीवर जाऊन बसतात. फाउंड्रीतले जुने लोक येतात. आई म्हणते, तुझ्यामुळं माझा संसार परत बोलायला लागला.

जेवताना अण्णा गप्प असले की पेटी शांत राहत नाही. तिच्यात शांततेत भरायचा श्वास आहे. तो भाग मीच लिहिला आहे. वरण वाढताना ती रटरटते. आईला ऐकू येत नाही, की येतं आणि चालतं.

माझं खाकरणं वाढलं आहे. आईनं तुळस-आलं उकळून दिलं आणि म्हणाली, काढा घे. काढा. मी वाटी सांडली.

जेवता येत नाही. दही नको. केळं नको. लाळ गिळली तरी मळमळतं.

२६ फेब्रुवारी

आज जेवताना अण्णांच्या तोंडात घास होता. यंत्र खुंटीला. पेटी छातीवर. पेटी म्हणाली, ‘काढ.’

अगदी हळू. अण्णांनी दोन्ही हात वर केले, ‘मी नाही’ म्हणाले खुणेनं. आई हसली, म्हणाली, भूतच बसलंय त्यात.

ऑफिसात तुकडा शोधला. नव्या तुकड्यांपैकीच आहे, ते सगळ्या सेटमध्ये आणि पेटीत आपोआप उतरतात. श्वासातून ओठांचे आकार वजा करूनच तुकडा घेतो, पण इतक्या कफातून ती वजाबाकी नीट होत नाही. शब्द पूर्ण निघत नाही, मागं राहतो. शांततेत भरायला पेटीनं तोच उचलला.

शब्द वजा केले तर काय उरतं, विचारलं होतं सरांनी.

सरांना सांगितलं. म्हणाले, पुढच्या आठवड्यात गाळून टाकू. आत्ता ऑर्डरी आहेत. बुद्धभूषण सरांनी चष्मा पुसला, खूप वेळ पुसला.

आणि मी — मीही तो तुकडा न पुसता थांबले. अण्णा टपरीवर बोलत बसले होते म्हणून थांबले.

३ मार्च, मंगळवार

चाकणहून फोन. प्रेस शॉप. नवनाथ.

पत्रा आत होता. डाय खाली यायची होती. कानात ‘काढ’ आलं. त्यानं हात घातला. हात आत असला की प्रेस थांबवणारा गार्ड बंद करून ठेवलेला, तिथं सगळेच ठेवतात. उजव्या हाताची बोटं —

सुपरवायझर आईची शपथ घेऊन सांगतो, मी बोललोच नाही. त्याला निलंबित केलं आहे. तो खरं बोलतो. मी लाइनचं रेकॉर्डिंग ऐकलं. लाइनवर कोणी नव्हतं. शांतता होती. माझी शांतता. मी भरलेली.

सेट धुऊन परत पाठवले आहेत. एकाच्या कानाच्या गादीत अजून —

सर म्हणाले, गार्ड त्यांनी बंद केला, जबाबदारी त्यांची.

४ मार्च

अण्णांना सगळं सांगितलं. घसा कोणाचा. कफ. नवनाथ. मला वाटलं होतं ते पेटी सोडणार नाहीत. मला वाटलं होतं, म्हणतील, असू दे.

त्यांनी पेटी काढून माझ्या हातात दिली, जुनं यंत्र शोधून गळ्याला लावलं. त्या दाढीच्या मशीनच्या आवाजात म्हणाले की कफ अडकला की काय होतं मला माहीत आहे. पाण्याखाली धरल्यासारखं होतं. नंतर म्हणाले, ‘खाली माणूस असला की लोड सोडायचा नसतो. एवढं कळत नाही तुमच्या सायबाला.’

मला काही म्हणाले नाहीत. म्हणायला हवं होतं.

बाहेर पोरं. मिक्सर, मिक्सर.

५ मार्च

केलं.

संग्रह पुसला. त्याच्या सगळ्या प्रती पुसल्या. बुद्धभूषण सरांनी पासवर्ड दिला, कशाला ते विचारलं नाही, आणि जेवायला बाहेर गेले. सेट आजपासून जुन्या कोरड्या आवाजात बोलतील. शांततेत काही भरणार नाहीत. अण्णांची पेटीही रिकामी केली.

मग वर आले. शालनबाई देवळात. सर चाकणला.

हे त्यांच्या पलंगाशी बसून लिहिते आहे.

पाकीट फोडलं. हात धुतले. नळी घातली, अंगठा दाबला. दोन वर्षांच्या सवयीचा हात. जार भरत गेला. हिरवं, मग पिवळं, मग फेस, मग तारा — संपेचना. दिवाळीपासूनचं असावं इतकं. पुन्हा घातली. थांबत थांबत, त्यांना दम घेऊ देत. शेवटी नुसतं पाणी आलं.

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. ओठांनी ‘काढ’ म्हणायचं थांबवलं.

मग माईक काढला. पट्टीबरोबर थोडी कातडी निघाली. दिवा विझला. हळदकुंकू लागलं माझ्या बोटाला.

आता श्वास कोरडा आहे. स्वच्छ. पहिल्यांदा. सुंदर —

लांब लांब होतो आहे. मध्ये बराच वेळ जातो.

मध्ये फार वेळ —

खोली शांत आहे. माझा हात त्यांच्या छातीवर आहे. छाती —

जिन्यात पावलं. शालनबाई. प्रसाद आणला असणार. त्या आधी दिव्याकडं बघतील. दिवा विझलेला. त्यांना वाटेल मी — आणि मला तरी कुठं नक्की माहीत —

मीच काढलं. मी काढलं ते बरोबर होतं. हे त्यांना तोंडानं सांगायला हवं. खोलीत दुसरा श्वास नाही, माझाच तेवढा, आणि तो —

आत्ता हाक मारली, काकू, जरा तिथंच थांबा. तोंड उघडलं, शब्द माझेच होते, पण खालून, घशातून, रटरट —